परसातले झाड हलविताना



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एखादा कवी, एखादा ग्रंथ वा वाङ्मयप्रवाह निवडावा, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र परसातले वाढते झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे न्यावे, हा विषय घेतला आहे. कारण साधे आहे. टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडी या भागांतील जुनी कौलारू घरे गेल्या काही वर्षांत पाडली जात आहेत. त्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. पुण्यास, हैदराबादेस किंवा परदेशी स्थायिक झालेले माझे विद्यार्थी घराच्या व्यवहारासाठी गावी येतात, भेटतात, आणि कागदपत्रांचे बोलणे संपले की हळूच विचारतात, ‘‘सर, आईने लावलेले एक झाड आहे. बांधकामात येते. ते हलविता येईल का?’’

या प्रश्नाला भावनेने उत्तर देणे सोपे आहे. पण भावनेने दिलेल्या उत्तराने झाड जगत नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या बागेतही वर्ग घेत आणि प्रत्येक गोष्टीचे कारण विचारीत. त्यांच्याच रीतीने या प्रश्नाकडे पाहावे, असा माझा प्रयत्न आहे.

शब्दांची साक्ष

प्रारंभ भाषेपासून करतो, कारण शेतकऱ्याच्या भाषेने या विषयाचे निम्मे शास्त्र आधीच सांगून ठेवले आहे. बी ‘रुजते’. दुसरीकडून आणून लावलेले रोप मात्र रुजत नाही. ते प्रथम ‘तगते’, आणि पुढे ‘लागते’. तगणे म्हणजे मरणाला थोपवून धरणे. लागणे म्हणजे नव्या मातीशी देवघेव सुरू होणे. ‘झाड तगले आहे, पण अजून लागलेले नाही’ हे वाक्य आपल्या भागातला कोणताही माळी सहज बोलून जातो. या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, ते किमान एका वर्षाचे असते. हलविलेली पुष्कळ झाडे या अंतरातच दगावतात. कारण झाड तगलेले पाहून मालक ते लागले असे समजतो आणि पाणी तोडतो.

तसाच भेद ‘उपटणे’ आणि ‘उचलणे’ यांत आहे. तण उपटतात, रोप उचलतात. उपटताना माती मागे राहते, उचलताना माती बरोबर येते. आजच्या व्याख्यानाचा बराचसा भाग या दुसऱ्या क्रियापदाचेच स्पष्टीकरण आहे.

मातीखालचे गणित

झाडाची मुळे म्हणजे खोडाखाली खोलवर गेलेली जणू दुसरी फांदोरी, असे चित्र आपल्या मनात असते. वस्तुतः बहुतेक झाडांची पाणी शोषणारी मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि ती आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. जाड मुळे झाडाला उभे धरतात व अन्न साठवितात. पाणी पिण्याचे काम प्रामुख्याने सुतळीहून बारीक अशा तंतुमुळांचे आणि त्यांवरील केशमुळांचे. ही केशमुळे इतकी नाजूक असतात की एकेकीचे आयुष्य फार तर काही आठवड्यांचे. उघड्या उन्हात ती काही मिनिटांतच सुकतात.

आता झाड खणून काढताना काय घडते ते पाहा. आपण खोडाभोवती हात-दीड हात अंतरावर चर खणतो, आणि पाणी पिणारी बहुतांश मुळे त्या चराच्या बाहेर राहून जातात. वर पाने तितकीच आहेत, त्यांतून बाष्प होऊन पाणी उडणे चालूच आहे. खाली पिणारी तोंडे मात्र थोडीच उरली. झाड हलविण्याच्या साऱ्या शास्त्राचा गाभा हा जमाखर्च आहे. जमा एकाएकी घटते. ती पुन्हा वाढेपर्यंत खर्च आवरून धरावा लागतो.

मातीचा गोळा केवढा घ्यावा, याचे एक ढोबळ प्रमाण आहे. खोडाच्या जाडीच्या १० ते १२ पट गोळ्याचा व्यास असावा. खोड ५ सेंटीमीटर जाडीचे असेल तर गोळा ५० ते ६० सेंटीमीटर रुंद आणि सुमारे ४० सेंटीमीटर खोल. ओल्या मातीसह त्याचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते. चार माणसे तो उचलू शकतात. खोड १० सेंटीमीटरचे झाले की गोळा मीटरभराहून रुंद होतो आणि वजन टनाजवळ पोहोचते. जाडी दुप्पट झाली की वजन दुप्पट होईल, असे वाटते. ते प्रत्यक्षात सहापटीहून अधिक होते. म्हणून घरगुती साधनांनी हलविण्याजोगे झाड कोणते, याची मर्यादा मनगटाएवढ्या खोडापाशी संपते, असे मी सांगत असतो. त्यापुढे यारी आणि जाणकार माणसे हवीत.

हलणारी आणि न हलणारी

सगळी झाडे सारखी हलत नाहीत. आपल्या परड्यांत दोन चाफे असतात, त्यांचेच उदाहरण घेऊ. देवळाच्या आवारातला पांढरा देवचाफा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. आपला जुना चाफा म्हणजे सोनचाफा. संस्कृत ‘चंपक’ तो हाच. अमेरिकेहून आलेल्या सुगंधी फुलाला आपल्या लोकांनी जुन्याच फुलाचे नाव देऊन घरात घेतले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन झाडांत काही नाते नाही, आणि हलविताना ते लगेच प्रत्ययास येते. देवचाफ्याच्या खोडात व फांद्यांत पाण्याचा मोठा साठा असतो, उन्हाळ्याच्या तोंडी तो पाने टाकतो, त्याची नुसती फांदी तोडून चार-आठ दिवस सुकवून लावली तरी ती लागते. सोनचाफ्याची मुळे मांसल व ठिसूळ. तुटली की सहज कुजतात, नवी फुटायला वेळ घेतात. तो हलविणे अवघड, पण पूर्वतयारी असेल तर अशक्य नव्हे.

फणसाला सोटमुळाचा मोठा आधार असतो आणि मुळांना धक्का लागलेला त्याला सोसत नाही. जागेवर कोय पडून उगवलेल्या आंब्याचेही तसेच. पिशवीतून आणून लावलेले दोन-तीन वर्षांचे आंब्याचे कलम मात्र हलविता येते. वड, पिंपळ, उंबर या जातींना नवी मुळे फोडण्याची उपजत हौस असते. मोठे होऊनही ते जगतात. नारळ-सुपारीला सोटमूळ नसतेच. बुंध्यापासून नवी मुळे निघत राहतात, म्हणून उंच वाढलेला माडही यारीने उचलून दुसरीकडे लावता येतो. कढीपत्त्याचे झाड हलविण्याच्या खटाटोपात पडू नये. त्याच्या मुळांवर फुटलेली पोरे वेगळी करून लावावीत.

पूर्वतयारी

आमच्या परड्यातील एका सोनचाफ्याचे उदाहरण सांगतो, म्हणजे पुढचे सारे स्पष्ट होईल. २०१४ साली घराच्या बाजूने जिना घेण्याचे ठरले आणि त्या वाटेत सहा-सात वर्षांचे, सहा सेंटीमीटर जाडीच्या खोडाचे कलमी झाड होते. ते तेथून चाळीसेक फुटांवर, विहिरीच्या अंगाला न्यायचे होते. गवंडी म्हणत होता की दोन दिवसांत काढून टाकू. मी त्याला पावसाळ्यापर्यंत थांबविले.

जानेवारीच्या अखेरीस खोडापासून फूटभराहून थोड्या अधिक अंतरावर वर्तुळ आखले, आणि त्याच्या अर्ध्याच भागात दीड फूट खोल चर खणला. समोर आलेली मुळे धारदार करवतीने व कात्रीने स्वच्छ कापली. कुदळीने चेचलेले मूळ कुजते, कापलेले भरून येते. मग चरात तीच माती थोडे कुजलेले शेणखत मिसळून भरली आणि पाणी चालू ठेवले. उरलेला अर्धा भाग मार्चच्या अखेरीस याच पद्धतीने कापला. असे दोन हप्ते का? झाडाची अर्धी मुळे शाबूत असल्यामुळे ते कोमेजत नाही, आणि कापलेल्या टोकांपाशी मधल्या काळात नव्या तंतुमुळांचा झुबका फुटतो. म्हणजे जूनमध्ये गोळा उचलताना पिणारी मुळे गोळ्याच्या आत आलेली असतात. बाहेर विखुरलेले कुटुंब प्रवासापूर्वी घरात गोळा करून घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

काळ निवडण्यासही कारण आहे. थंड देशांत झाडे हिवाळ्यात निद्रिस्त असतात, तेव्हा हलवितात. आपल्याकडच्या सदाहरित झाडांना अशी गाढ झोप नाही. म्हणून हवेत दमटपणा भरून राहिलेला असतो आणि पानांतून पाणी कमी उडते, तो काळ पाहावा लागतो. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्याचे चार पाऊस होऊन माती मुरली की काम करावे. उशीर करून पुनर्वसु-पुष्याच्या संततधारेत हात घातला तर गोळा फुटतो आणि खड्ड्यात पाणी साचते. पाने टाकणाऱ्या देवचाफ्याला मात्र नवी पालवी फुटण्यापूर्वीचा, उन्हाळ्याच्या तोंडचा काळ उत्तम.

मातीचेही पाहावे. बेळगावच्या पश्चिमेस खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती आणि मुबलक पाऊस. पूर्वेस गोकाक-सौंदत्तीकडे काळी माती आणि पाऊस कमी. तांबड्या मातीत निचरा चांगला, पण गोळा सहज ढासळतो. त्याला गोणपाट घट्ट आवळावे लागते. काळ्या मातीचा गोळा पक्का राहतो, पण खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत होतात आणि मुळे त्या भेदू शकत नाहीत. त्या भिंती टोकदार पहारीने खरवडून घ्याव्यात.

हलविण्याचा दिवस

नवा खड्डा आधी तयार असावा. झाड बाहेर काढून मग खड्डा खणू लागणे हे त्या झाडाच्या मुळावर येते. खड्ड्याची रुंदी गोळ्याच्या दुप्पट, खोली मात्र गोळ्याएवढीच. खोल खड्ड्यात मऊ माती भरून वर झाड ठेवले तर ते पुढे खचते, आणि बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजू लागते. बुंध्याचा फुगीर भाग, जेथून मुळे फुटतात, तो जमिनीच्या वर दिसला पाहिजे.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाळ असताना, जुना चर उघडला, गोळा खालून कापून मोकळा केला, ओले गोणपाट खाली सरकवून सुतळीने बांधले. सव्वादोनशे किलोच्या आसपासचे ते ओझे सहा माणसांनी बांबूंवर नेले. येथे एकच दंडक होता : ओझे गोळ्याला धरून उचलायचे, खोडाला धरून कोणी ओढायचे नाही. खोड ओढले की गोळ्यातील तंतुमुळे आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

खड्ड्यात ठेवल्यावर सुतळी सोडून गोणपाट बाजूने खाली केले, उकरलेली मातीच भरली, हलके दाबून पाणी दिले आणि आळे केले. रासायनिक खत घातले नाही. ज्याला नीट पिताही येत नाही, त्याच्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट ठेवण्यात अर्थ नसतो. खताच्या क्षारांनी कोवळी मुळे उलट पोळतात.

छाटणीविषयी जुना आणि नवा विचार येथे वेगळा पडतो. मुळे निम्मी गेली म्हणून फांद्याही निम्म्या छाटाव्यात, असे पूर्वी सांगत. आता असे आढळले आहे की नवी मुळे फुटण्याची आज्ञा शेंड्याकडच्या कोवळ्या डोळ्यांत तयार होणाऱ्या संप्रेरकांकडून खाली जाते, आणि मुळे वाढविण्यासाठी लागणारे अन्न पानेच तयार करतात. सगळा शेंडा कापला तर खर्च वाचतो, पण मिळकतही बुडते. म्हणून वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, मोठ्या पानांच्या झाडाची काही जून पाने कमी करावीत, मुख्य शेंडा राखावा. फळे-फुले मात्र पहिले वर्ष खुडून टाकावीत.

आधाराच्या काठ्या सैल बांधाव्यात. वाऱ्यावर थोडे डोलणारे खोड जाड होते. आवळून बांधलेले खोड काठी काढताच वाकते. वर्षभराने काठ्या काढून टाकाव्यात.

पहिली पालवी

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. महिन्या-दीड महिन्यात हलविलेल्या झाडाला तजेलदार पालवी फुटते. घरातील मंडळी आनंदतात. शेजारी अभिनंदन करतात. ही पालवी फसवी असू शकते. ती पुष्कळदा खोडात व जाड मुळांत आधीच साठविलेल्या अन्नावर फुटलेली असते. नव्या मातीशी तिचा संबंध असतोच असे नाही. शिदोरी संपेपर्यंत चालणारा हा प्रवास असतो. आमच्या सोनचाफ्याला जुलैत पालवी आली आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीच पालवी माना टाकू लागली. पाऊस नुकताच संपला होता आणि भोवतालची जमीन ओली दिसत होती. बोट घालून पाहिले तेव्हा गोळा आत कोरडा होता. मुळे अजून गोळ्यातच होती. भोवतालच्या ओलाव्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

यावरून पाण्याचा नियम मिळतो. पाणी आळ्याच्या कडेला घालून भागत नाही. पहिले वर्ष ते बुंध्याजवळच्या गोळ्यावर, हळूहळू मुरेल असे द्यावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोल पाणी देणे बरे; पण देण्यापूर्वी बोटाने ओल पाहावी, कारण सोनचाफ्यासारखे झाड तहानेइतकेच पाणथळीनेही मरते. वाळक्या पानांचे दोन-तीन इंच जाड आच्छादन आळ्यात घालावे, खोडापासून चार बोटे दूर.

झाड लागले, असे केव्हा म्हणावे? माझी कसोटी अशी : पहिला उन्हाळा पार पडावा, आणि त्यानंतर जी दुसरी पालवी फुटेल तिची पाने पूर्वीच्या मापाची असावीत. पाने लहान असतील तर झाड अजून तगूनच आहे. आमच्या झाडाला २०१५च्या वळवानंतर अशी पूर्ण मापाची पाने आली. फुले आली ती २०१६च्या पावसाळ्यात. म्हणजे पूर्वतयारीपासून फुलापर्यंत अडीच वर्षे. ज्याला झाड हलवायचे आहे त्याने बांधकामाच्या आराखड्याबरोबर ही अडीच वर्षेही आखली पाहिजेत. घर विकून परत जाणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या पाण्याची जबाबदारी कोणा एका माणसावर सोपवून जावे. ‘शेजारी बघतील’ म्हणण्यात ती कोणाचीच राहत नाही.

जे हलत नाही त्याचे काय?

तरीही पुष्कळांना मला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. दोन हातांच्या कवेत न मावणारा फणस, आजोबांच्या वेळचा आंबा, हे हलत नाहीत. त्या ठिकाणी प्रथम इमारतीचा आराखडाच दोन हात सरकविता येतो का, ते पाहावे. कर्नाटकात १९७६च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये, काही जाती वगळता, झाड तोडण्यास परवानगी लागते. तेव्हा ही चौकशी आराखड्यापूर्वीच झालेली बरी.

तेही शक्य नसेल तर एक मार्ग उरतो, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. त्या झाडाच्या कोयीपासून उगवलेले रोप हे त्या झाडाचे अपत्य. त्याचे फळ आईसारखे निघेलच असे नाही. पण त्या झाडाच्या काडीचे कलम हे तेच झाड असते. त्याच पेशी, तोच वारसा. आंब्याची तीन-चार महिन्यांची पक्व काडी घेऊन पावसाळ्यात कोवळ्या रोपावर कोय कलम करतात. कोकणात ही रीत सर्वत्र रूढ आहे. फणसाचेही कलम करता येते. पेरू, डाळिंब यांना गुटी बांधावी : पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल वर्तुळाकार काढून त्यावर ओले शेवाळ व प्लास्टिक गुंडाळले की पावसाळ्यात साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे दिसू लागतात. मात्र हे सारे झाड उभे असतानाच करावयाचे असते. कुऱ्हाड पडल्यानंतर काडी मागायला येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

याचा सर्वांत थोर दाखला बोधिवृक्षाचा. अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची शाखा सिंहलद्वीपी नेली, असे ‘महावंस’ सांगतो; अनुराधपूरचा तो वृक्ष आजही पूजिला जातो. बोधगयेचा वृक्ष मात्र पुढे अनेकदा नष्ट झाला. १८७६ साली वादळात तेथील जीर्ण वृक्ष कोसळला आणि १८८१ साली कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली नवा लावण्यात आला. मूळ जागी खंड पडला, आणि समुद्रापार नेलेली शाखा टिकली.

माजी विद्यार्थ्यांना म्हणून माझी विनंती इतकीच. घराचा विचार मनात आला की व्यवहार ठरण्याआधी एकदा परड्यात जाऊन खोडाची जाडी मोजा. मनगटाएवढे असेल तर येत्या जानेवारीत पहिला चर घ्या. त्याहून मोठे असेल तर येत्या पावसाळ्यात कलम बांधून घ्या; दोन-तीन बांधा, कारण एखादे लागत नाही. त्यांतील एक शाळेला दिलेत तर शाळेच्या आवारात त्याला जागा आहे, आणि पहिल्या उन्हाळ्याचे पाणी घालण्यास येथे मुलेही आहेत.